पुण्यात गाण्या-वाजवण्यावर घर कसे चालवावे: नव्याने येणाऱ्यांसाठी

विशारद होऊन किंवा गुरूंकडे आठ-दहा वर्षे शिकून लातूर, सांगली, जळगाव अशा गावांतून पुण्यात येणारा तरुण कलाकार पहिली चौकशी करतो ती कार्यक्रम कोठे मिळतात याची. ही चौकशी योग्यच आहे, परंतु तिच्याआधी दुसरी एक चौकशी करायला हवी, आणि ती म्हणजे या शहरात गाण्या-वाजवण्याचे पैसे प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून येतात. गेली एकोणीस वर्षे मी पेटीची साथ आणि पेटीच्या शिकवण्या यांवर घर चालवत आले आहे. या काळातील माझ्या हिशेबाच्या वह्या उघडल्या तर जमेच्या बाजूला तिकीट काढून आलेल्या श्रोत्याचा वाटा शोधावा लागतो. पुण्यातील संगीताचे अर्थकारण ज्याला लवकर कळते तो येथे टिकतो, म्हणून पुढील पायऱ्या मी त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १: पैसे देणारा कोण आहे ते ओळखा

पुणेकर श्रोता जाणकार आहे, वेळेवर येतो, आणि गाणे जमले नाही तर मध्यंतरात शांतपणे निघूनही जातो. मात्र 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' ही ओळ वर्तमानपत्रात वाचण्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. सवाई गंधर्वांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आर्य संगीत प्रसारक मंडळ १९५३ पासून भरवत असलेल्या महोत्सवाला, ज्याला आता सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणतात, हजारो लोक तिकीट काढून जातात, हे खरे आहे. त्या गर्दीवरून उरलेल्या अकरा महिन्यांचा अंदाज बांधण्याची चूक मात्र जवळजवळ प्रत्येक नवोदित करतो, आणि मीही केली होती.

उरलेल्या काळात तुम्हाला पैसे देणारे तिघे असतात. पहिला यजमान. गणेश मंडळ, सहकारी बँक, पतसंस्था, बांधकाम व्यावसायिक, नगरसेवक, गृहनिर्माण संस्था किंवा वडिलांच्या साठीशांतीला अभंगवाणी ठेवणारे कुटुंब, असा तो कोणीही असू शकतो. तो प्रसंगासाठी पैसे देतो, त्यामुळे त्याच्या लेखी कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि पाहुण्यांचे स्वागत या गोष्टी रागाच्या निवडीपेक्षा मोठ्या असतात. याचा राग मानू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागली की याच यजमानांपैकी निम्मे जण अचानक गप्प होतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा शिकणारा. तो दरमहा पैसे देतो, आणि दरमहा येणाऱ्या पैशाची किंमत घरभाडे भरणाऱ्यालाच कळते.

तिसरा हौशी, आणि त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, डॉक्टर, संगणक क्षेत्रातील अभियंते, गृहिणी अशा मंडळींचे गट पुण्यात सभागृह भाड्याने घेऊन, खर्च आपसांत वाटून, ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर, हिंदी-मराठी गाणी गातात. वाद्यवृंदातील वादक त्यांच्याविषयी फार कडवट बोलतात, आणि त्यांची तक्रार निराधार नाही, कारण ज्या कार्यक्रमाला पूर्वी सात-आठ वादक लागत तो आता एका लॅपटॉपवर होतो. मीही काही वर्षे नाक मुरडले. पुढे लक्षात आले की ही माणसे गाण्यावर मनापासून प्रेम करतात, त्यासाठी खर्च करण्याची त्यांची तयारी असते आणि त्यांना मार्गदर्शनाची गरज असते. आपली पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, कोणती, श्वास कोठे घ्यावा, अंतऱ्यात सूर का उतरतो, हे सांगणारे माणूस त्यांना हवे असते. माझ्याकडे आज शनिवारी सकाळी येणारा गट अशाच मंडळींचा आहे, आणि वर्षातून दोनदा ते ट्रॅक बाजूला ठेवून जिवंत साथीवर गातात, तेव्हा तबला, ढोलक आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या तिघांना काम मिळते.

ढोल-ताशा पथकांविषयी गैरसमज नको म्हणून येथेच सांगते. गणेशोत्सवातील बहुतेक पथकांत वादन स्वेच्छेने होते, सुपारीची, म्हणजे ठरलेल्या मोबदल्याची, रक्कम वाद्यांच्या देखभालीला, वाहतुकीला आणि पथकाच्या सामाजिक कामाला जाते, आणि वादकाच्या हाती पैसे येत नाहीत. आनंदासाठी जरूर जावे, पण उत्पन्नाच्या रकान्यात ते लिहू नये. ब्रास बँड हा याउलट पूर्ण व्यवसाय आहे आणि त्याचे वादक मिरवणुकीइतकेच लग्नसराईवर जगतात.

पायरी २: पहिली दोन वर्षे शिकवणीच्या पायावर उभी करा

पुण्यात पेठांमध्ये डोळे मिटून खडा टाकला तरी तो गाण्याच्या एखाद्या शिक्षकाला लागेल. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय यांच्यासारख्या संस्थांची मुळे या भागात इतकी खोल गेलेली आहेत की नव्या माणसाने तेथे पाटी लावण्यापेक्षा त्या संस्थांत शिकायला किंवा पुढे शिकवायला जाणे अधिक शहाणपणाचे ठरते. स्वतःचा वर्ग काढायचा असेल तर वाकड, पिंपळे सौदागर, बावधन, सिंहगड रस्ता अशा, लहान मुले असलेली कुटुंबे जेथे दाटीने राहतात त्या भागांचा विचार करावा. तेथे एका मोठ्या सोसायटीत चार विद्यार्थी मिळाले की पाचव्याची चिंता मुलांच्या आयाच करतात.

शुल्क महिन्याचे ठेवावे, तासाचे नव्हे, आणि ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ घ्यावे. विद्यार्थी आला नाही तर तास भरून मिळणार नाही, शिक्षक आला नाही तर मिळेल, हा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्यावा. तुमचे कार्यक्रम वाढतील तेव्हा तास बदलण्याची पाळी तुमच्यावरच अधिक येईल, म्हणून या नियमात स्वतःसाठीही जागा ठेवावी.

पालकांना प्रमाणपत्र हवे असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात, आणि प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार अशी त्यांची चढण असते. परीक्षेमुळे विद्यार्थी टिकतो, हा शिक्षकाचा व्यावहारिक फायदा आहे. तथापि प्रारंभिकेचे राग घोकून घेण्यात सहा महिने घालवणाऱ्या वर्गातील मुले नंतर गाणे कायमचे सोडतात, हेही मी पाहिले आहे. आपल्याकडे मूल नववीत गेले की घरात कुजबुज सुरू होते आणि दहावीला गाणे बंद होते. दर जूनमध्ये तीन-चार विद्यार्थी असे गळणार हे गृहीत धरून मे महिन्यातच नवे विद्यार्थी शोधायला लागावे.

परदेशातील मराठी कुटुंबांच्या ऑनलाइन शिकवण्या हे चांगले उत्पन्न आहे, पण त्यांचे घड्याळ सांभाळावे लागते. पुण्यात सकाळी सात वाजता शिकवायला बसलात तर कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे, उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे तासाने पुढेमागे होतात, तेव्हा तुमच्या सकाळच्या सगळ्या तासांची फेरमांडणी करावी लागते. २०२० च्या मार्चनंतर सभागृहे बंद पडली आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकाही निघाल्या नाहीत, त्या काळात माझे घर या सकाळच्या तासांनी चालवले. त्याआधी मी ऑनलाइन शिकवणीला नावे ठेवत असे.

पायरी ३: बदली म्हणून जा आणि साथीदार म्हणून राहा

नव्या माणसाला पुण्यात पहिले काम जाहिरातीतून किंवा समाजमाध्यमांवरच्या चित्रफितीतून क्वचितच मिळते. ते मिळते बदली म्हणून. एखाद्या ज्येष्ठ पेटीवादकाच्या एकाच दिवशी दोन तारखा येतात, ते एका ठिकाणी स्वतः जातात आणि दुसऱ्या ठिकाणी 'आमच्याकडची एक मुलगी आहे, चांगली वाजवते' असे सांगतात. त्या वाक्यापर्यंत पोहोचणे हेच पहिल्या वर्षाचे काम समजावे. त्यासाठी लहान बैठकांना श्रोता म्हणून नियमित जावे, कार्यक्रम संपल्यावर गायकापेक्षा वादकांना भेटावे, आपण कोणाचे शिष्य आहोत आणि काय वाजवतो हे दोन वाक्यांत सांगावे, आणि मग तंबोरे गवसणीत घालायला हात लावावा. यात लाचारी नाही. गवसणी घालता घालताच पुढच्या तारखांची बोलणी होत असतात आणि ती कानांवर पडतात.

बदलीला गेल्यावर पाळायचे नियम कोठेही लिहिलेले नाहीत, पण ते मोडणाऱ्याला पुन्हा बोलावणे येत नाही. ज्यांनी पाठवले त्यांचे नाव यजमानापाशी घ्यावे, आपला संपर्क क्रमांक यजमानाच्या हाती स्वतःहून सरकवू नये, आणि पुढच्या वर्षी त्याच यजमानाने थेट तुम्हाला विचारले तर आधी ज्येष्ठांना कळवावे. बहुतेक वेळा ते हसून 'तूच कर' म्हणतात. दुसऱ्याची सुपारी परस्पर उचलणाऱ्याची बातमी या शहरात फार वेगाने पसरते.

तयारीचे म्हणाल तर वादकाने प्रत्येक गायकाची पट्टी एका वहीत लिहून ठेवावी. 'ताई, तुमची काळी चार ना?' (म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी) असे तालमीआधीच विचारणाऱ्या वादकाविषयी गायिकेच्या मनात जो विश्वास तयार होतो तो नुसत्या तयारीच्या बोटांनी होत नाही. पेटीवाल्यांनी आधारस्वर सरकवून बदलता येणारी स्केल चेंजर पेटी घ्यावी आणि ती न मिळाल्यास पट्टी बदलून वाजवण्याचाही सराव ठेवावा. तबलावाल्यांनी निदान दोन वेगळ्या पट्ट्यांचे तबले बाळगावेत. नेहमीचे पन्नास-साठ अभंग, नाट्यपदे आणि भावगीते ठेक्यांसह तोंडपाठ हवीत, कारण दिवाळी पहाटेला निवेदक ऐन वेळी क्रम बदलतो आणि यजमानांच्या सौभाग्यवतींची फर्माईश क्रमात कधीच नसते.

गाणाऱ्यांनाही ही पायरी चुकलेली नाही. स्वतःच्या नावाचा कार्यक्रम होण्याआधी सहगायक म्हणून, समूहगानात, अभंगवाणीत टाळकरी म्हणून किंवा तंबोऱ्यावर बसून त्यांनी दोन-तीन वर्षे काढावीत. महाविद्यालयात असाल तर फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत वाजवावे. पुण्यातील अनेक संगीत संयोजकांच्या ओळखी अशा स्पर्धांच्या तालमींत झालेल्या आहेत. संगीत नाटकाचे प्रयोग पूर्वीपेक्षा कमी होत असले तरी ते होतात, आणि ऑर्गनवर नाट्यपदे नीट वाजवणारी तरुण माणसे इतकी थोडी आहेत की ज्याला हे वाद्य येते त्याने पुण्यात काम नाही असे म्हणू नये. नाटकात मोबदला 'नाइट'वर मिळतो, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर नाही. हे आधी समजून घ्यावे.

पायरी ४: पैशाचे बोलणे कार्यक्रमाआधी करा

माझ्या चौथ्या वर्षी एका गृहनिर्माण संस्थेच्या दिवाळी पहाटेची जबाबदारी माझ्याकडे आली. पदाधिकारी फोनवर म्हणाले, 'मानधनाचं आपण बघून घेऊ ताई, तुम्ही काय घरच्याच.' घरचे म्हटल्यावर आकडा विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. पहाटे साडेपाचपासून आम्ही पाच जणांनी अडीच तास कार्यक्रम केला, आणि शेवटी प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि सगळ्यांत मिळून एक पाकीट मिळाले, ज्यातून तबलजींच्या रिक्षाचेही भाडे पुरते निघाले नसते. वादक माझ्या शब्दावर आलेले असल्यामुळे त्यांची बिदागी मी माझ्या शिकवणीच्या पैशातून दिली. त्या दिवाळीत आमच्या घरी नारळाच्या वड्या मात्र भरपूर झाल्या.

तेव्हापासून फोनवरचे बोलणे संपले की दहा मिनिटांच्या आत मी यजमानांना संदेश पाठवते. त्याचा मजकूर साधारण असा असतो: 'नमस्कार. आपल्या बोलण्यानुसार अमुक तारखेला सायंकाळी सहा ते साडेआठ या वेळेत भक्तिगीतांचा कार्यक्रम ठरला आहे. कलाकार पाच. एकूण मानधन इतके, त्यापैकी निम्मा इसार तारीख निश्चित करताना आणि उरलेली रक्कम कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी. ध्वनिव्यवस्था, बैठक, आवश्यक परवाने आणि कलाकारांचा चहा-नाश्ता आपल्याकडे. कार्यक्रम सात दिवसांच्या आत रद्द झाल्यास इसार परत होणार नाही. कृपया होकार कळवावा.' या संदेशाने कोणीही रागावल्याचे मला आठवत नाही. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्याकडे मी गेले नाही. रात्री उशिरा संपणाऱ्या कार्यक्रमात स्त्री कलाकारांच्या परतीच्या वाहनाची ओळ मी त्यात आवर्जून घालते.

शब्दांचाही थोडा विचार करावा. शास्त्रीय बैठकीत 'बिदागी' किंवा 'मानधन' म्हणतात, वाद्यवृंदात आणि लोककलेत 'सुपारी' हा शब्द सर्रास चालतो, कंपनीच्या माणसाला 'कोटेशन' लागते. वस्तू एकच आहे. पण पतसंस्थेच्या अध्यक्षांना 'माझी सुपारी इतकी' असे सांगितलेत तर ते दचकतील.

आकडा सांगण्यापूर्वी तो स्वतःशी मांडून पाहावा. समजा, एका कार्यक्रमाचे तुम्हाला ४००० रुपये सांगितले आहेत. तीन-तीन तासांच्या दोन तालमी म्हणजे सहा तास. तालमी आणि कार्यक्रम मिळून तीन वेळा जाणे-येणे, प्रत्येक वेळी एक तास, म्हणजे तीन तास. कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकपासून वाद्य गुंडाळेपर्यंत सात तास. एकूण सोळा तास झाले. वाद्य घेऊन बसने जाता येत नाही म्हणून रिक्षाला प्रत्येक वेळी ३०० धरले तर ९०० रुपये गेले, आणि उरलेल्या ३१०० रुपयांना सोळाने भागले की तासाला साधारण १९४ रुपये पडतात. ही रक्कम वाईट की बरी हे तुमच्या शिकवणीच्या तासाच्या हिशेबाशी ताडून ठरवावे. गायक नामवंत आहे, शिकायला मिळेल, पुढे ओळख होईल, अशा कारणांसाठी कमी पैशात जावेसे वाटले तर खुशाल जावे, फक्त आपण कमी पैशात जात आहोत हे आपल्याला ठाऊक असावे.

'आमच्या व्यासपीठावर संधी मिळेल' असे सांगून फुकट बोलावणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते: मंडपवाल्यालाही संधीच देणार आहात का? हा प्रश्न नवोदिताने विचारू नये, कारण तो उद्धट वाटतो. त्याने त्या तारखेला शिकवणी असल्याचे नम्रपणे सांगावे.

वेळेच्या बाबतीत कायदा तुमच्या हिशेबात येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस सणांसाठी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, आणि बंद सभागृहांना वेगळा नियम आहे. एके काळी पुण्यात पहाटेपर्यंत मैफली रंगत, पण आता मैदानावरील कार्यक्रम दहाला संपवावा लागतो, म्हणून सहाचा कार्यक्रम पाहुण्यांच्या सत्कारामुळे सव्वासातला सुरू झाला तर कात्री तुमच्या भैरवीला लागते. पहाटेच्या उघड्यावरील कार्यक्रमातही सहाच्या आधी ध्वनिवर्धक लावायचा असेल तर यजमानाने काय परवानगी काढली आहे ते विचारून घ्यावे.

पायरी ५: पंचांग समोर ठेवून वर्षाचे अंदाजपत्रक करा

आमच्या व्यवसायाचे वर्ष एप्रिल ते मार्च नसते. आषाढीच्या सुमारास अभंगाचे कार्यक्रम होतात, मग चातुर्मासात लग्ने थांबतात, श्रावणात भजने आणि मंगळागौरी, भाद्रपदात गणेशोत्सवाचे दहा दिवस, लगेच पितृपक्षाचा शुकशुकाट, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. पौषात लग्नांपासून पुन्हा थोडी उसंत मिळते. डिसेंबर-जानेवारीत महोत्सव आणि कंपन्यांचे समारंभ असतात, आणि गुढीपाडव्याच्या पहाटेने हे चक्र पूर्ण होते.

यातील बहुतेक तारखा तिथीनुसार येत असल्याने दरवर्षी हलतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे गेल्या वर्षी ऑगस्टअखेर हाती आलेली रक्कम यंदा सप्टेंबरच्या मध्यानंतर येणार, आणि घरमालक मात्र पंचांग पाहत नाही. अधिक महिन्यात लग्ने नसतात, पण भजन-कीर्तनाला मागणी असते, म्हणून त्या महिन्यात कीर्तनकार आणि भजनी मंडळांशी संबंध असलेला वादक रिकामा बसत नाही.

मी करते ते असे. वर्षभरातील कार्यक्रमांची मिळकत एका वेगळ्या खात्यात जाते. घरखर्च शिकवणीतून चालतो. दिवाळीनंतर त्या खात्यातून चार महिन्यांचा घरखर्च बाजूला काढला जातो, आणि उरलेल्यातून वाद्याची दुरुस्ती, विमा आणि कराचा हप्ता भागतो. पहिल्या वर्षी चार महिने जमणार नाहीत, दीड महिना जमला तरी चालेल.

पायरी ६: कागद सांभाळा

हा भाग कलाकारांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून थोडक्यात लिहिते. मानधन शक्यतो बँकेतून घ्यावे आणि प्रत्येक कार्यक्रमाचे क्रमांक घातलेले देयक द्यावे. कंपन्या आणि मोठ्या संस्था ठरावीक मर्यादेपुढील व्यावसायिक मोबदल्यातून दहा टक्के कर आधीच कापून तुमच्या पॅनवर भरतात. वर्षाचे एकूण उत्पन्न करपात्र होत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. विवरणपत्र न भरता ही रक्कम सरकारला सोडून देणारे अनेक वादक मला माहीत आहेत. पुढे घरासाठी कर्ज काढताना हीच विवरणपत्रे बँक मागते.

वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली तर लागते, त्यामुळे नवोदिताने तिची धास्ती घेऊ नये. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातील सादरीकरणाला, एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर, या करातून सूटही आहे.

स्वतःच्या चाली बांधत असाल किंवा गीते लिहीत असाल तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद होण्याचा विचार करावा. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटातील गीत-संगीताच्या, चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील आपला वाटा गीतकार-संगीतकाराला लिहून देऊन टाकता येत नाही. तसे कलम करारात दिसले तर सही करण्यापूर्वी जाणकार वकिलाला दाखवावे. वादकाला मात्र स्टुडिओत बहुधा एकरकमी मोबदला मिळतो, आणि पुण्यातील ध्वनिमुद्रणाचे काम सलग मिळण्याइतके नसते, म्हणून ते वरकड समजावे.

शास्त्रीय किंवा सुगम गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यावी. पुणे केंद्र १९५३ पासून चालू आहे. तेथील मानधनावर कोणाचे घर चालत नाही, परंतु 'बी हाय' किंवा 'ए' श्रेणीचा उल्लेख परगावच्या आयोजकांकडे अजूनही वजन राखून आहे.

पायरी ७: क्लब, हॉटेल आणि कंपन्या

बाणेर, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर या भागांतील कार्यक्रमांचे जग वेगळे आहे आणि मी त्यात फार वावरलेली नाही. तेथे वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांकडून कळते ते इतकेच की ठरलेल्या वारी वाजवण्याचे काम मिळाले तर नियमित पैसे मिळतात, देयक दिल्यानंतर रक्कम जमा व्हायला महिना-दोन महिनेही लागतात, आणि हॉटेलचा व्यवस्थापक बदलला की काम संपते. कंपन्यांच्या समारंभांत मोबदला अधिक असतो, पण मध्ये कार्यक्रम-संयोजक असतो. त्याच्याकडून किती दिवसांत पैसे येतील हे लेखी घ्यावे.

पायरी ८: वाद्य आणि शरीर

दोन्हींची डागडुजी आषाढी झाल्यावर करावी, कारण तेव्हा तारखा कमी असतात. पुण्याच्या पावसात पेटीच्या स्वरांवर दमट हवेचा परिणाम होतो आणि पट्ट्या अडकतात. तबल्याची पुडी सैल पडते. तंबोरा किंवा सतार असेल तर मिरजेला नेण्याचे दिवसही हेच. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कारागिरांकडे चौकशी वाढल्याचे ऐकते, तेव्हा जाण्यापूर्वी फोन करून दिवस ठरवावा. पहिल्याच वर्षी कर्ज काढून दुसरे वाद्य घेऊ नये. एखाद्या कार्यक्रमापुरते वाद्य भाड्याने मिळते, आणि ओळखीच्या वादकाकडे ते चहाच्या कपावरही मिळते, मात्र परत करताना स्वतः नेऊन द्यावे, आणि तुमच्या हातून एखादी पट्टी बिघडली असेल तर ती दुरुस्त करूनच द्यावे.

पेटीवाल्यांची पाठ आणि गाणाऱ्यांचा घसा या दोन गोष्टी सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात बंद पडतात, असा माझा अनुभव आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत चौदा कार्यक्रम घेतल्यावर अकराव्या दिवशी मला उठता येईना, तेव्हा डॉक्टरांनी जमिनीवर बसून पेटी वाजवताना खाली चार बोटे उंचीची घडी घ्यायला सांगितली. ती घडी आता पेटीच्या खोळीतच असते.